विश्लेषण : पंधरा-वीस डॉलरची बर्बन जोखायची कशी? लेबल, नाक आणि तीन ग्लासांची परीक्षा

फेब्रुवारी २०२५ मध्ये, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका भेटीच्या तोंडावर, केंद्र सरकारने बर्बन व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. स्कॉचसह इतर परदेशी मद्यांना ही सवलत मिळाली नाही. तेव्हापासून बर्बनबद्दलचे कुतूहल वाढले आहे आणि त्यासोबत एक जुनाच गैरसमजही आला आहे. महाग बाटली म्हणजे चांगली, स्वस्त बाटली म्हणजे कोकमध्ये मिसळायची, हा तो समज. अमेरिकेत १५ ते २० डॉलरला मिळणाऱ्या बर्बनच्या बाबतीत तो तपासून पाहण्यासारखा आहे. कारण या दारूच्या स्वस्त बाटलीलाही जो कायदा लागू आहे, तोच हजार डॉलरच्या बाटलीला लागू आहे.

बर्बन म्हणजे नेमके काय?

बर्बन ही अमेरिकेतच तयार झालेली असावी लागते. केंटकीतच व्हायला हवी असे मात्र नाही. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनानंतर अल्कोहोलचे प्रमाण ८० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नको. पिंप ओक लाकडाचे, आतून जाळलेले आणि कोरे करकरीत हवे. रंग किंवा चव बाहेरून घालायची नाही, फक्त पाणी घालता येते.

यातली शेवटची अट महत्त्वाची. स्कॉचमध्ये रंग सारखा दिसावा म्हणून कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. बर्बनमध्ये नाही. बाटलीतला तांबूस रंग लाकडातूनच आलेला असतो. आपल्याकडे 'व्हिस्की' या नावाने जे विकले जाते त्यात मोठा वाटा मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो आणि युरोपीय संघात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ही तुलना केली की स्वस्त बर्बनला मिळालेले कायद्याचे कवच किती जाड आहे ते लक्षात येते.

मग स्वस्त कशी परवडते?

मका स्वस्त धान्य आहे आणि अमेरिकेत तो अमाप पिकतो. मोठ्या भट्ट्यांत उंच स्तंभासारखी ऊर्ध्वपातन यंत्रे सलग चालतात. स्कॉटलंडमधील सिंगल माल्टच्या तांब्याच्या भांड्यांसारखी प्रत्येक खेप वेगळी काढावी लागत नाही. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठवणारा. उष्णतेने दारू प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. त्यात पिंप कोरे. म्हणून चार-सहा वर्षांत जो रंग आणि स्वाद मिळतो, त्याला स्कॉटलंडच्या गार हवेत आणि वापरलेल्या पिंपात कितीतरी जास्त काळ लागतो.

खर्चिक गोष्ट एकच, ती म्हणजे पिंप. सुमारे २०० लिटरचे ओकचे पिंप एकदाच बर्बनसाठी वापरता येते. इथे कायदा कंपनीला काटकसर करू देत नाही. त्यामुळे स्वस्त बाटलीत काटकसर होते ती वयात, पाणी किती घातले त्यात आणि पिंपे निवडण्यात. नेमकी हीच तीन ठिकाणे चाखताना तपासायची असतात.

लेबलवरचे कोणते शब्द खरे, कोणते सजावटीचे?

'इव्हान विल्यम्स' हे उदाहरण यासाठी उत्तम आहे. हेवन हिल या केंटकीतील कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीची ही बर्बन. काळ्या लेबलची बाटली अमेरिकेत साधारण १५ ते २० डॉलरच्या घरात मिळते. लेबलवर १७८३ हे साल ठळक छापलेले असते. इव्हान विल्यम्स नावाच्या गृहस्थाने त्या वर्षी केंटकीतील पहिली व्यावसायिक भट्टी सुरू केली, असा दावा आहे आणि इतिहासकारांना तो मान्य नाही. हेवन हिल कंपनी १९३५ ची आणि हा ब्रँड १९५७ चा. म्हणजे १७८३ हा आकडा दारूबद्दल काहीच सांगत नाही.

त्याच लेबलवर 'स्ट्रेट' हा छोटा शब्द असतो. त्याला मात्र वजन आहे. नुसत्या 'बर्बन'ला किमान वयाची अटच नाही. कोऱ्या पिंपात काही काळ ठेवली तरी नाव मिळते. 'स्ट्रेट' म्हणायचे तर किमान दोन वर्षे हवीत. आणि दारू चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर ते वय लेबलवर लिहिणे सक्तीचे आहे. म्हणून 'स्ट्रेट बर्बन' लिहिलेले आहे आणि वय लिहिलेले नाही, याचा अर्थ आतली दारू किमान चार वर्षांची आहे. न लिहिलेली गोष्टही इथे माहिती देते. काळ्या लेबलवर एकेकाळी ७ वर्षे असा उल्लेख असे, तो पुढे गेला आणि 'एक्स्ट्रा एज्ड' असे शब्द आले. या शब्दांना कायद्यात अर्थ नाही. 'स्मॉल बॅच'लाही नाही. बॅच दहा पिंपांची की हजाराची, हे कंपनीने ठरवायचे.

सर्वांत भरवशाचा शिक्का आहे 'बॉटल्ड इन बाँड'. त्यामागे १८९७ चा कायदा आहे. त्या काळात बरेच व्यापारी साध्या स्पिरिटला रंग आणि वास देऊन जुनी व्हिस्की म्हणून विकत. कर्नल एडमंड टेलर या केंटकीच्या उत्पादकाने आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी या कायद्यासाठी जोर लावला. टेलर यांचा त्यात व्यापारी स्वार्थ होताच, पण फायदा ग्राहकाचाही झाला. अट अशी : एकाच उत्पादकाची, एकाच हंगामातील दारू, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे आणि बाटलीत नेमके ५० टक्के अल्कोहोल. कुठे गाळली ते लेबलवर सांगावे लागते.

हा मुद्दा पुस्तकी नाही. अमेरिकेत अनेक ब्रँड इंडियाना राज्यातील एका मोठ्या कारखान्यातून दारू विकत घेतात आणि आपल्या गावाची, आजोबांची, जुन्या पाककृतीची गोष्ट लेबलवर छापतात. ती दारू वाईट असते असे नाही, बऱ्याचदा चांगलीच असते. पण गोष्टीचे पैसे वेगळे लागतात. आयोवा राज्याचे नाव सांगणाऱ्या टेम्पलटन या राय व्हिस्कीला याच कारणावरून ग्राहकांनी न्यायालयात खेचले आणि २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

एकच मिश्रण, दोन बाटल्या

इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली 'बॉटल्ड इन बाँड' आहे. काळीत अल्कोहोल ४३ टक्के, पांढरीत ५०. दोन्हींचे धान्याचे मिश्रण एकच : ७८ टक्के मका, १२ टक्के माल्ट केलेले बार्ली, १० टक्के राय. किमतीत फरक मोजक्या डॉलरचा. घरबसल्या प्रयोग करायला इतकी सोयीची जोडी क्वचितच मिळते.

आधी हिशेब. ७५० मिलीच्या काळ्या बाटलीत ३२२.५ मिली शुद्ध अल्कोहोल, पांढरीत ३७५ मिली. म्हणजे पांढरीत १६ टक्के जास्त. ३० मिली पांढरी ग्लासात घेऊन तीत साधारण चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी घातले की ती ४३ टक्क्यांवर येते. काळ्या बाटलीत हे पाणी कंपनीने आधीच घातलेले असते. जास्त तीव्रतेची बाटली पिणाऱ्याच्या हातात निवड ठेवते. स्वस्त बर्बन घेताना ५० टक्क्यांच्या आसपासची घ्यावी असे म्हणतात, त्याचे कारण जास्त चढते हे नव्हे, तर हे आहे. वाइल्ड टर्की १०१ (५०.५ टक्के) ही याच वर्गातील आणखी एक बाटली, थोडी महाग, पण आतून सर्वाधिक जाळलेल्या पिंपात मुरलेली.

चाखायची कशी?

आपल्याकडची रीत अशी की पेग भरला, सोडा ओतला, बर्फ टाकला आणि चखणा पुढे ओढला. पिण्याची ही रीत चुकीची नाही. पण त्यातून दारूबद्दल काही कळत नाही. बर्फ वास दाबतो, सोडा जिभेला टोचतो आणि मसाला शेंगदाण्यानंतर जीभ साक्ष द्यायच्या लायकीची राहत नाही.

चाखायला १५ मिली पुरे. तोंडाशी निमुळता होत जाणारा छोटा ग्लास असला तर उत्तम. ग्लास वाइनसारखा गरगर फिरवू नये, नुसता अल्कोहोल नाकात जातो. नाक ग्लासाच्या थोडे वर ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे. पहिल्या घोटाने जीभ फक्त सरावते. मत दुसऱ्या घोटावर बनवावे. तो घोट क्षणभर तोंडात घोळवून गिळला की छातीत जी ऊब उतरते तिला अमेरिकेत 'केंटकी हग' म्हणतात. ही ऊब म्हणजे दोष नव्हे. घशात ओरखडा उठला तर तो दोष.

मग पाण्याचे थेंब. याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाद्वारे दाखवले की व्हिस्कीतील ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या द्रावणात पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ टक्क्यांच्या पुढे आत विरघळून जातो. पाणी घातल्यावर वास 'उघडतो' असे पिणारे म्हणत आले, त्यात तथ्य आहे.

आता खरा अडथळा, शब्दांचा. इंग्रजीतील चाखण्याच्या टिपणांत टॉफी, मेपल, चेरी, पेकान यांची रेलचेल असते. ज्याने पेकान कधी खाल्ला नाही त्याला तो ग्लासात सापडणार कसा? आणि सापडला नाही म्हणून आपले नाक कमी प्रतीचे, असे वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. वासाची शब्दसंपत्ती प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असते. जळलेल्या ओकमधील साखरेचा जो वास ते कॅरॅमल म्हणून लिहितात, तो मराठी नाकाला काकवीचा किंवा चिक्कीसाठी चुलीवर चढवलेल्या गुळाच्या पाकाचा वाटेल. लाकडातील लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते. तो वास आइस्क्रीममुळे सर्वांना ठाऊक आहे. ओकमध्ये एक लॅक्टोन असते, त्याचा वास चक्क सुक्या खोबऱ्याचा येतो. रायमुळे मिरी, दालचिनी, लवंग. आंबवताना तयार होणाऱ्या एका एस्टरमुळे पिकल्या केळ्याचा वास. जिम बीममध्ये अनेकांना भाजलेल्या शेंगदाण्याचा भास होतो आणि हे कुणाही मराठी माणसाला पहिल्या फटक्यात ओळखू यावे.

इव्हान विल्यम्स काळी या कसोटीवर कशी उतरते? सुरुवात गोड, गूळ आणि व्हॅनिलाची. मध्ये लाकडाचा हलका तुरटपणा. शेवट आखूड, चव घोट गिळल्यावर फार रेंगाळत नाही. अंगाने किंचित पातळ. पण कच्च्या मक्याचा, हिरव्या कणसासारखा वास येत नाही आणि ही किमतीच्या मानाने मोठी गोष्ट. पांढरी हीच चव मोठ्या आवाजात सांगते : मसाला जास्त, शेवट लांब, पण पाण्याविना घेतली तर पहिल्या घोटाला तिखट. सोडा किंवा कॉकटेलमध्ये पांढरी टिकते, काळी हरवते. दोघींत एकच घ्यायची तर पांढरी.

स्वस्त दारूतले दोष ओळखणे सोपे आहे आणि गुण ओळखण्याआधी तेच शिकावे. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास, कच्च्या धान्याचा वास, चहा जास्त उकळल्यावर येतो तसा कडवट तुरटपणा, किंवा गोडी आणि तिखटपणा यांच्यामध्ये काहीच नसणे. यातले काही नसेल तर पंधरा डॉलरच्या बाटलीने आपले काम केले.

किंमत जिभेवर कशी चढते?

२००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एकच वाइन लोकांना वेगवेगळ्या किमती सांगून पाजली आणि मेंदूचे स्कॅन घेतले. किंमत जास्त सांगितली तेव्हा वाइन आवडल्याचे लोकांनी सांगितले, एवढेच नव्हे, आनंदाशी जोडलेला मेंदूचा भागही अधिक सक्रिय दिसला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. महाग वाइन त्यांना खरोखरच जास्त आवडली, जी महाग नव्हतीच. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक 'अंध' चाचण्यांच्या अभ्यासात सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडल्याचे दिसले. अभ्यास वाइनचे आहेत, पण व्हिस्की पिणाऱ्याची जीभ वेगळ्या कारखान्यात तयार झालेली नसते.

यावर उपाय आहे त्रिकोणी चाचणी. अन्न उद्योगात ती रोज वापरली जाते. तीन सारखे ग्लास. दोनांत एक दारू, तिसऱ्यात दुसरी. भरणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास कोणता, एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजाने तीनदा प्रयत्न केला तर सरासरी एकदा बरोबर येतेच, म्हणून चाचणी पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी करावी. ज्याला २० डॉलर आणि ८० डॉलरच्या बाटलीतला फरकच ओळखता येत नाही, त्याने 'कोणती चांगली' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याचे साठ डॉलर वाचले.

एका बैठकीत हे सगळे उरकायचा मोह टाळावा. ४३ टक्क्यांच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, ५० टक्क्यांच्या ३० मिलीत जवळपास १२ ग्रॅम. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बर्बनही त्याला अपवाद नाही. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात, तेही याचसाठी.

दुर्मीळतेचा बाजार आणि भरलेली गोदामे

'पॅपी व्हॅन विंकल' या बर्बनची कंपनीने सुचवलेली किंमत काही शे डॉलर, पण हातोहात विकताना ती हजारांत जाते. त्याच बफेलो ट्रेस भट्टीतील, गव्हाच्याच कुळातील 'वेलर'ही त्या वलयामुळे शेल्फवरून गायब झाली. स्वाद रातोरात पाचपट झाला नव्हता. रांगा लावणाऱ्यांनी पंधरा डॉलरच्या बाटलीला तुच्छ ठरवले, हे या वेडाचे सर्वांत वाईट फळ.

आता वारे फिरले आहेत. केंटकीची लोकसंख्या सुमारे ४५ लाख आणि तिथल्या गोदामांत मुरत असलेली पिंपे त्याच्या तिपटीहून अधिक. मार्च २०२५ मध्ये व्यापारयुद्धात कॅनडातील प्रांतांनी अमेरिकी दारू दुकानांतून काढून टाकली. ब्राउन-फोरमन या मोठ्या कंपनीने त्याच वर्षी लुइव्हिलमधील पिंपांचा कारखाना बंद केला. जिम बीमने क्लेरमाँट येथील मुख्य भट्टी २०२६ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. दारूचा व्यापार असा आहे की आजची मागणी पाहून आज भरलेले पिंप चार-सहा वर्षांनी उघडते. तेजीत भरलेली पिंपे मंदीत उघडत आहेत. तिथल्या कामगारांसाठी ही वाईट बातमी आहे. ग्राहकाला मात्र पुढची काही वर्षे कमी पैशांत जास्त वयाची दारू मिळण्याची शक्यता आहे.

भारतात ती स्वस्त राहते का?

शुल्क १५० वरून १०० टक्के झाले म्हणजे बाटली ५० टक्क्यांनी स्वस्त झाली, असा हिशेब अनेकांनी केला. तो चुकीचा आहे. १०० रुपयांची बाटली आधी शुल्कासह २५० ला पडत होती, आता २०० ला पडते. घट २० टक्क्यांची. त्यावर राज्याचे कर, आयातदार आणि विक्रेता यांचा नफा. दुकानात पोहोचेपर्यंत ही घट आणखी आक्रसते. म्हणून अमेरिकेतील पंधरा डॉलरच्या बर्बनची आपल्याकडची स्पर्धा स्वस्त व्हिस्कीशी होतच नाही, ती होते भारतीय सिंगल माल्टशी. त्या स्पर्धेत तिला सवलतीचे गुण देण्याचे कारण नाही.

या भारतीय माल्टमध्येही बर्बन दडलेली असते. एकदा वापरलेली पिंपे केंटकीत पुन्हा बर्बनसाठी चालत नाहीत, म्हणून ती जगभर विकली जातात. गोव्यातील पॉल जॉन आणि बंगळुरूची अमृत यांच्या व्हिस्की अशाच पिंपांत मुरतात आणि त्यांतला व्हॅनिला-खोबऱ्याचा धागा तिथूनच येतो.

महाराष्ट्रात या वर्गातील दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. अमेरिकेत राहणारे नातेवाईक सुट्टीला येताना 'काय आणू?' असे विचारतात, तेव्हा ब्रँडचे नाव सांगण्यापेक्षा 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली, वीस डॉलरच्या आसपासची कुठलीही आणा, असे सांगणे जास्त फायद्याचे. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. अमेरिकेतील नेहमीची बाटली ७५० मिलीची. म्हणजे दोन बसतात, तिसरी बसत नाही.